एका कॉम्प्युटरवर तीन रेडियम प्लॉटर: कुणी व्यवस्थित चालवलेत का?

शहापूरचा_प्लॉटर | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूर भागात माझं रेडियम कटिंगचं, म्हणजे चिकट रंगीत शीटमधून प्लॉटर मशीननं अक्षरं कापायचं दुकान आहे, नऊ वर्षं झाली. सुरुवातीला नंबर प्लेटवरच घर चालायचं. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एचएसआरपी (सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) आली, पुढं जुन्या गाड्यांनाही लागू झाली, आणि ते काम आटलं. आता काम येतं ते दुकानांच्या काचा, मंडळांची नावं, रिक्षा, ऊसाच्या ट्रॉल्या आणि पाट्या. पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे हा नियम २०२४ ला आला तेव्हापासून माझ्याकडं पाट्यांचं काम बरंच वाढलं. त्या भरवशावर मी मशिनं वाढवली. आधीचं दोन फुटी होतं, तसंच दुसरं नवीन घेतलं, आणि गडहिंग्लजच्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनं चार फुटी आणलं.

कॉम्प्युटर मात्र एकच आहे. विंडोज १०, डिझाईनसाठी कोरल, आणि मशीनबरोबर आलेलं कटिंग सॉफ्टवेअर. अडचणी तीन आहेत.

सकाळी चालू केलं की कॉम पोर्ट, म्हणजे विंडोज प्रत्येक मशीनच्या जोडणीला देतं ते नंबर, बदललेले असतात. काल जे कॉम ३ होतं ते आज कॉम ५. परवा एका मंडळाचं नाव भगव्या रेडियमवर कापायला पाठवलं आणि ते शेजारच्या मशीनवर लावलेल्या लाल रिफ्लेक्टिव्हवर गेलं. मी मागं गिऱ्हाइकाशी बोलत होतो. वळून बघेपर्यंत तीन मीटर गेलं होतं.

दुसरं म्हणजे दोन मशिनं एकदम चालवली की एखादं मध्येच थांबतं. मोठं मशीन तर कधी कधी अक्षर सोडून सरळ आडवी रेघ मारत जातं, पार कडेपर्यंत.

तिसरं, एका मशीनला जॉब जात असतो तोवर सॉफ्टवेअर अडकून बसतं. दुसरा जॉब पाठवताच येत नाही.

वैशाखातली शिवजयंती तीन आठवड्यांवर आली आहे. चित्ररथांची कामं यायला लागलीत. एका दुकानदारानं सांगितलं की तीन मशिनांना तीन कॉम्प्युटरच लागतात. खरं काय? ज्यांनी जमवलंय त्यांनी सांगा की.


निपाणीकर | रविवार, रात्री ११:४१

जमतं. माझ्याकडं दोन चालतात एकावर. आधी एवढं सांगा, तिन्ही जोडलीत कशी? यूएसबी हब आहे का? हबला वेगळा अडॅप्टर आहे का? केबल किती लांब?


शहापूरचा_प्लॉटर | सोमवार, सकाळी ८:०५

दोन छोट्यांना यूएसबीच आहे. मोठ्याला नऊ पिनांचा सिरियल सॉकेट आहे, त्याला यूएसबी कन्व्हर्टर लावलाय. तिन्ही एका चार तोंडी हबमध्ये जातात. हबला अडॅप्टर नाही. मोठं मशीन मागच्या खोलीत आहे, म्हणून यूएसबीला एक्स्टेन्शनवर एक्स्टेन्शन जोडलंय, मोजलं तर सात मीटर भरतंय.


उद्यमबाग_सिरियल | सोमवार, दुपारी १:३०

मी उद्यमबागेत कारखान्यांतल्या सीएनसी आणि पीएलसी मशिनांच्या केबली, कम्युनिकेशन हेच काम करतो. प्लॉटर माझा विषय नाही, पण तुमचं मशीन कॉम्प्युटरशी जे बोलतं ते आमच्या मशिनांसारखंच आहे, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, कॉम्प्युटरची ताकद कमी पडत नाही. हिशेब बघा. ९६०० बॉडवर सेकंदाला ९६०० बिट जातात. एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. तीन मशिनं मिळून तीन हजारसुद्धा होत नाहीत. साधा फुल-स्पीड यूएसबी सेकंदाला १ कोटी २० लाख बिट नेतो. दहा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटरही हे झोपेत करेल. तेव्हा तीन कॉम्प्युटर घेण्याचं कारण हे नाही.

पोर्ट बदलतो तो ओळखीमुळं. यूएसबीतून सिरियल करणारी चिप प्रत्येक मशीनच्या किंवा कन्व्हर्टरच्या आत असते. एफटीडीआय जातीच्या चिपमध्ये बहुतेक वेळा स्वतःचा वेगळा सिरियल नंबर भरलेला असतो. ती कुठल्याही सॉकेटात लावा, विंडोज तिला ओळखतं आणि तोच कॉम नंबर देतं. सीएच३४० जातीच्या चिपमध्ये सहसा असा नंबर नसतो. दोन सारखी मशिनं विंडोजला जुळ्या भावांसारखी दिसतात. मग विंडोज सॉकेटवरून ओळख ठरवतं. या सॉकेटात लावलं तर कॉम ३, त्या सॉकेटात लावलं तर कॉम ५. तुम्ही झाडलोट करताना केबली काढून परत लावताय का, ते आठवून बघा.

उपाय सोपा आहे. प्रत्येक मशीनचा सॉकेट कायमचा ठरवून टाका. नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्सवर जाऊन त्या त्या पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, तिथं कॉम नंबर हातानं द्या. ३, ४, ५ असे लहानच द्या. १० च्या पुढचे नंबर बऱ्याच जुन्या सॉफ्टवेअरना दिसत नाहीत. ते नंबर वापरात आहेत असं विंडोज म्हणालं तर व्ह्यूमधून लपलेली उपकरणं दाखवायला सांगा. पूर्वी कधीतरी जोडलेल्या केबलींची फिकट नावं दिसतील, ती अनइन्स्टॉल करा.

हब बदला, स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या. किंवा कॉम्प्युटरच्या मागच्या सॉकेटात थेट लावा, ते सगळ्यात चांगलं. डिव्हाइस मॅनेजरमध्येच यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला उपकरण बंद करायची परवानगी असते, तिथली टिकमार्क काढा. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. मशीन मध्येच हरवण्याचं एक मोठं कारण तेच असतं.

आणि ती सात मीटरची यूएसबी आजच काढा. यूएसबी २ ची केबल ५ मीटरच्या पुढं न्यायची नसते. सिरियल केबल मात्र ९६०० वर १५ मीटरपर्यंत आरामात चालते. म्हणून कन्व्हर्टर कॉम्प्युटरजवळ ठेवा आणि मागच्या खोलीपर्यंत सिरियल केबल न्या. तुम्ही नेमकं उलटं केलंय.


खानापूर_कट | सोमवार, सायंकाळी ६:१५

उद्यमबागवाल्या दादांनी सांगितलं ते बरोबर असेल, पण माझं मत वेगळं आहे. मी तीन मशिनांना तीन जुने लॅपटॉप लावलेत, सेकंडहँड बाजारातून उचललेले. एक बिघडला तर बाकीची दोन चालतात. सगळं एकाच कॉम्प्युटरवर घातलं आणि ऐन मिरवणुकीच्या आदल्या दिवशी त्याची हार्डडिस्क गेली तर काय करणार? माझी एकदा अशीच गेली होती, गणपतीच्या तीन दिवस आधी. दोन दिवस दुकान बंद ठेवून बसलो होतो. गिऱ्हाईक परत जाताना बघवत नाही.


संकेश्वरची_अक्का | सोमवार, रात्री ९:५०

खानापूरच्या भावाचं दुःख मला कळतं, पण तीन लॅपटॉप म्हणजे तीन ठिकाणी फॉन्ट, तीन ठिकाणी फायली. आमच्याकडं मराठीचे जुने फॉन्ट आहेत, कन्नड टायपिंगसाठी नुडी सॉफ्टवेअर आहे, गिऱ्हाइकांचे लोगो आहेत. एका लॅपटॉपवर बदललेलं दुसऱ्यावर जुनंच राहतं आणि चुकीचा फोन नंबर काचेवर जातो. आम्ही डिझाईनचा कॉम्प्युटर एकच ठेवलाय. सोबत एक जुना लॅपटॉप तयार ठेवलाय, त्यात ड्रायव्हर घातलेत, कटिंग सॉफ्टवेअर घातलंय, आणि रोज रात्री दुकान बंद करताना फायलींचा फोल्डर त्यात कॉपी करते. वर्षात एकदाच लागला, पण लागला तेव्हा दिवस वाचला.

शहापूरच्या भावाला मला कामाबद्दल सांगायचंय. तू मशीन तीन केलीस, टेबलं किती केलीस? कापणं पटकन होतं रे, आतलं नको ते रेडियम सोलायला वेळ लागतो. माझ्याकडं सोलायला मी, माझी जाऊ आणि एक मुलगी. दोन मशिनं चालली तरी दुपारपर्यंत टेबल भरून वाहतं. कन्नडच्या बारीक ओत्ताक्षरांना (जोडाक्षराच्या खाली येणाऱ्या छोट्या खुणांना) चिमटा लावून बसावं लागतं, डोळे दुखतात. तिसरं मशीन चालू करण्याआधी हात मोजून बघ.

अजून एक सांगते. प्रत्येक मशीनला एक रंग, एक जात बांधून दे. पांढरं साधं एका मशीनवर, रिफ्लेक्टिव्ह एका मशीनवर, बाकी रंग तिसऱ्यावर. रिफ्लेक्टिव्हमध्ये काचेचे बारीक मणी असतात, ते पातं लवकर बोथट करतात. तेच पातं घेऊन साध्या रेडियमवर गेलास की कडा फाटतात. आम्ही रिफ्लेक्टिव्हला ६० अंशाचं पातं ठेवतो, साध्याला ४५ चं, आणि ते काढायचं घालायचं नाही. पोर्ट ठरवायच्या आधी हे ठरव, म्हणजे कुठला जॉब कुठं पाठवायचा हा विचारच करायला लागत नाही. रंग बघितला की मशीन ठरलं.




शहापूरचा_प्लॉटर | मंगळवार, सकाळी ७:४०

अक्का, तुमचं म्हणणं मनाला लागलं. आमच्यात सोलायला मी आणि बायको दोघंच. मुलगा शाळेतून आला की मास्किंग (अक्षरं उचलायची टेप) चिकटवतो. तुम्ही सांगितलं तसं आज रंग वाटून देतो.

अजून एक विचारतो. मराठी नावं कापताना शिरोरेघेवर प्रत्येक अक्षराच्या जोडाला उभी चीर पडते. सोलताना रेघ तुकड्या-तुकड्यांनी हातात येते. तुमच्यात होतं का?


संकेश्वरची_अक्का | मंगळवार, सकाळी ८:३०

कोरलमध्ये वेल्ड, म्हणजे सगळे आकार जोडून एक, करत नाहीस तू. जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला रेघेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्या अक्षरावर थोडं चढतं. पडद्यावर एकसंध दिसतं, पण पात्याला दोन्ही आकार वेगळे दिसतात, म्हणून जोडावर ते दोन्ही बाजूंनी कापतं. कंट्रोल क्यू करून वक्र कर, मग सगळी अक्षरं निवडून वेल्ड. नंतर वायरफ्रेममध्ये बघ, रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच बाह्यरेषा दिसली पाहिजे. काना, मात्रा, वेलांटी चिकटली का तेही बघ. अनुस्वाराचा ठिपका सुटा राहणारच, तो सोलताना हरवतो, म्हणून आधी मास्किंग लावून मग उचल.


उद्यमबाग_सिरियल | मंगळवार, दुपारी २:००

खानापूरच्या दादांची हार्डडिस्कची भीती रास्त आहे आणि अक्कांचा तयार लॅपटॉप हे त्याचं योग्य उत्तर आहे असं मला वाटतं. कारखान्यातही आम्ही असंच करतो. एक गोष्ट जोडतो: त्या लॅपटॉपवर नुसता ड्रायव्हर घालून थांबू नका. महिन्यातून एकदा तिन्ही मशिनं खरंच त्याला जोडून एक-एक चौकोन कापून बघा. न वापरलेली तयारी वेळेला दगा देते.


शहापूरचा_प्लॉटर | गुरुवार, रात्री १०:३०

दोन दिवस हेच केलं. आता सांगतो.

अडॅप्टरचा हब घेतला. दोन्ही छोटी मशिनं कॉम्प्युटरच्या मागं थेट लावली. बायकोची नेलपॉलिश घेऊन सॉकेटाला आणि केबलीच्या डोक्याला एकाच रंगाचा ठिपका दिला: लाल, पांढरा, हिरवा. तोच ठिपका मशीनच्या झाकणावरही दिला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ११ फिकट पोर्ट निघाले, सगळे काढले. आता कॉम ३ पांढरं, कॉम ४ लाल रिफ्लेक्टिव्ह, कॉम ५ मोठं. तीनदा बंद चालू केलं, नंबर हलला नाही.

छोटी मशिनं आता थांबत नाहीत. पॉवर मॅनेजमेंटची टिकमार्क तिथंच होती.

मोठं मात्र अजून आडवी रेघ मारतंय. छोटं नाव असलं की नीट कापतं. लांब जॉब, नाहीतर नक्षी असली की अर्ध्यातून बिघडतं. ही रेघ काही केल्या जाईना.


उद्यमबाग_सिरियल | गुरुवार, रात्री ११:०५

छोटं नीट आणि लांब बिघडतं, हीच खूण आहे. बफर भरून सांडतोय.

मशीन पातं हलवतं त्यापेक्षा कॉम्प्युटर वेगानं आकडे पाठवतो. मशीनमध्ये थोडी साठवण असते, ती भरली की मशीननं "थांब" म्हणायचं असतं आणि कॉम्प्युटरनं ऐकायचं असतं. ऐकलं नाही तर मधले आकडे गळतात. प्लॉटरच्या एचपीजीएल भाषेत पीयू म्हणजे पातं उचल, पीडी म्हणजे टेकव, आणि पुढं एक्स-वायचे आकडे, ४० आकडे म्हणजे १ मिलिमीटर. समजा एखादा पीयू गळाला, तर पातं टेकलेलंच राहतं आणि पुढच्या ठिकाणी ओढलं जातं. तीच तुमची आडवी रेघ.

"थांब" म्हणायचे दोन मार्ग असतात. एक हार्डवेअरचा, म्हणजे वेगळ्या तारेवरचा इशारा. दुसरा एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे मशीन त्याच तारेवरून १९ नंबरचं अक्षर पाठवून थांबवतं आणि १७ नंबरचं पाठवून चालू करतं. मशीनवर, विंडोजच्या पोर्टवर आणि कटिंग सॉफ्टवेअरमध्ये, तिन्ही ठिकाणी एकच पर्याय निवडलेला पाहिजे. तुमच्याकडं काय आहे?


शहापूरचा_प्लॉटर | शुक्रवार, सकाळी ९:१५

तिन्ही ठिकाणी हार्डवेअर आहे. तरी तेच.


उद्यमबाग_सिरियल | शुक्रवार, सकाळी ९:४०

मग केबलचं टोपण उघडा आणि आत किती तारा आहेत ते मोजा.


शहापूरचा_प्लॉटर | शुक्रवार, दुपारी ३:२०

दादा, उघडलं. दोन बारीक स्क्रू काढले. आत नऊ पिना आणि तारा तीनच. २ वर लाल, ३ वर हिरवी, ५ वर काळी. ७ आणि ८ कोरड्या, सोल्डरचा थेंबसुद्धा नाही. केबल मशीनबरोबरच आली होती, मी कधी उघडून बघितलीच नव्हती.


उद्यमबाग_सिरियल | शुक्रवार, दुपारी ३:३५

सापडलं. २ आणि ३ वरून बोलणं जातं-येतं, ५ ग्राउंड. "थांब" सांगणारी तारच नाही, कॉम्प्युटरनं ऐकायचं कुठून? कॉम्प्युटरच्या बाजूला इशाऱ्याच्या पिना दोन: ७ आरटीएस, ८ सीटीएस. मशीनच्या बाजूला इशारा कुठल्या पिनवर येतो ते मॅन्युअलमध्ये बघा, काही प्लॉटर डीटीआर नावाच्या दुसऱ्या इशाऱ्याच्या पिनवर देतात. ती पिन कॉम्प्युटरच्या ८ ला यायला हवी. अंदाजानं जोडू नका. पाच-सहा तारांची शिल्डेड केबल घ्या, शिल्ड एकाच टोकाला टोपणाला जोडा.

आज रात्री काम असेल तर तिन्ही ठिकाणी एक्सऑन-एक्सऑफ करून बघा. त्याला तीन तारा पुरतात.


शहापूरचा_प्लॉटर | शुक्रवार, रात्री ११:५०

एक्सऑन-एक्सऑफवर आठ फुटी नक्षी कापली. घोडा, त्याच्या आयाळीच्या बारीक रेघा, खाली नाव. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मशीनसमोर उभा राहिलो. एकही रेघ वाकडी नाही. उद्या नवीन केबल सोल्डर करून घेतो. दादा, तुमचे उपकार विसरणार नाही.


खानापूर_कट | शनिवार, सकाळी ७:१०

हे वाचून मी माझी केबल उघडली. माझ्यातही तीनच तारा. वर्षभर मी वेग कमी करून चालवायलोय, मशीन जुनं झालं म्हणून.

एक भर घालतो. आता चैत्रात हवा कोरडी आहे. रोल भराभर उलगडला की हाताला झिणझिणी बसते, आणि तेव्हाच मशीन कॉम्प्युटरवरून गायब होतं. पावसाळ्यात आमच्याकडं खानापूरला हे कधीच होत नाही, तेव्हा उलट मागचा कागद दमट होऊन फुगतो आणि रोल तिरका जातो. कोरड्या दिवसांत मी जॉबला लागेल तेवढं रेडियम आधीच ओढून मागं सैल सोडतो. मोटरलाही ओढ बसत नाही. आणि मशीनची बॉडी अर्थला जोडलेली आहे का ते बघा.


उद्यमबाग_सिरियल | शनिवार, सकाळी १०:००

खानापूरकरांचं निरीक्षण अगदी बरोबर. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावून बघा. दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. कॉम्प्युटर आणि तिन्ही मशिनं एकाच अर्थवर असावीत. एका खोलीतलं मशीन एका अर्थवर आणि दुसऱ्या खोलीतलं दुसऱ्यावर असेल तर केबलमधून नको तो करंट फिरतो.


निपाणीकर | शनिवार, रात्री ८:३०

आता तिसरी अडचण राहिली, सॉफ्टवेअर अडकून बसायची. मी काय करतो ते सांगतो.

विंडोजमध्ये प्रत्येक कॉम पोर्टवर एक प्रिंटर हातानं बसवा. ड्रायव्हर निवडताना जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली. पोर्ट्सच्या टॅबमध्ये कॉन्फिगर करून बॉड आणि फ्लो कंट्रोल (तोच "थांब" म्हणायचा मार्ग) मशीनसारखंच ठेवा. प्रिंट प्रोसेसरमध्ये डेटाचा प्रकार रॉ. तिन्ही प्रिंटर शेअर करा, नावं छोटी, मध्ये जागा न सोडता. मग कटिंग सॉफ्टवेअरमधून जॉब मशीनला न पाठवता पीएलटी फाइल (प्लॉटरच्या हुकुमांची फाइल) म्हणून सेव्ह करायचा. डेस्कटॉपवर तीन बॅच फायली करून ठेवल्यात, प्रत्येकीत एकच ओळ, ती टाकलेली फाइल कॉपी /बी नं त्या शेअर केलेल्या प्रिंटरला पाठवते. पीएलटी ओढून त्या आयकॉनवर सोडायची. विंडोज ती क्षणात रांगेत घेतं, सॉफ्टवेअर मोकळं. एका मशीनला चार जॉब एकामागून एक लावता येतात, दुसऱ्याला तीन, आणि मी तोवर कोरलमध्ये पुढचं डिझाईन करत बसतो.

दोन सावधानता. कोरल स्वतःही पीएलटी काढतं, पण पात्याचा ऑफसेट (टोक मधोमध नसतं, त्याची भरपाई) जर तुमचं कटिंग सॉफ्टवेअर देत असेल तर फाइल त्यातूनच काढा. नाहीतर टोकदार कोपरे गोल होतात. आणि छापील स्टिकर खुणा वाचून बाहेरून कापायचे असतील तर हा रस्ता चालत नाही. तिथं सॉफ्टवेअर आणि मशीन एकमेकांशी बोलतात, ते काम थेटच करा.

पैसे घालायची तयारी असेल तर फ्लेक्सीसारख्या कटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मशीनची वेगळी रांग मिळते. किती मशिनं जोडता येतील हे आवृत्तीवर असतं, विकत घ्यायच्या आधी विचारून घ्या.


संकेश्वरची_अक्का | शनिवार, रात्री ९:२५

निपाणीच्या दादांची रांग चांगली आहे, पण चार जॉब लावून जेवायला जाऊ नका. पहिला जॉब संपला की पातं त्याच जागी परत येतं की पुढच्या कोऱ्या जागेवर जातं, हे मशीनवर आणि फाइलवर असतं. आमच्या एका मशीनवर दुसरा जॉब पहिल्यावरच कापला गेला होता. आधी दोन छोटे चौकोन पाठवून खात्री करा.

आणि एका नावात दोन मशिनांवरचे दोन रंग एकमेकांवर बसवायचे असतील, म्हणजे भगव्या अक्षराला मागं काळी कड, तर दोन्ही मशिनं सारखंच माप कापतात का ते बघा. आमची दोन मशिनं मीटरभर लांबीत अर्धा सेंटीमीटर वेगळी होती. पात्याच्या जागी पेन लावून ५०० मिलिमीटरचा चौकोन काढा, बाजू मोजा, दोन्ही कर्ण मोजा, आणि मशीनमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये माप दुरुस्त करा. तोवर दोन्ही रंग एकाच मशीनवर कापा.


उद्यमबाग_सिरियल | रविवार, दुपारी १२:१०

बॅच फाइलवाली युक्ती मला फार आवडली. यातच वेगाबद्दल सांगतो. सेकंदाला ९६० अक्षरं, आणि एका बिंदूला १२-१४ अक्षरं लागतात. म्हणजे सेकंदाला ७० च्या आसपास बिंदू. गोलाईवर दर ०.१ मिलिमीटरला बिंदू असेल तर पातं सेकंदाला ७ मिलिमीटरच्या पुढं जाऊच शकत नाही, मशीनचा वेग कितीही ठेवा. नक्षीवर मशीन अडखळत चाललंय असं वाटतं ते यामुळं. मशीनमध्ये ३८४०० बॉडची सोय असेल तर दोन्हीकडं तो ठेवा, चौपट होईल. आणि फोटोवरून ट्रेस केलेल्या नक्षीतले फालतू नोड (रेघेवरचे बिंदू) कमी करा.


शहापूरचा_प्लॉटर | दोन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री १:१५

मंडळी, आज शेवटचं चित्ररथाचं काम दिलं. तिन्ही मशिनं एका कॉम्प्युटरवर चालली. नवीन केबल पाच तारांची आहे, मोठं आता ३८४०० वर, आयाळीच्या रेघा न अडखळता कापतं. निपाणीच्या दादांचे तीन आयकॉन डेस्कटॉपवर आहेत, त्यांनाही लाल, पांढरा, हिरवा रंग दिलाय. मुलगा ठिपका बघून फाइल सोडतो, चुकत नाही. जुना लॅपटॉप एका मित्राकडून घेतला, अक्कांनी सांगितलं तसा रोज रात्री फोल्डर त्यात जातो.

अक्का, तुमचं खरं ठरलं. चौथ्या दिवसापासून सोलायचं टेबल भरून गेलं. तिसरं मशीन दुपारनंतर मी बंदच ठेवत होतो. गल्लीतल्या दोन मुलींना हंगामापुरतं बोलावलं, बायकोनं त्यांना चिमटा धरायला शिकवला. ऊसाच्या हंगामाआधी दुसरं टेबल करून घेतो. ट्रॉल्यांना मागं लाल, बाजूला पिवळं, पुढं पांढरं असं तिन्ही रंगांचं रिफ्लेक्टिव्ह एकदम लागतं, तेव्हा खरा कस आहे.


खानापूर_कट | मंगळवार, सकाळी ६:५०

मीही दोन मशिनं एका कॉम्प्युटरवर आणायलोय, तिसरं लॅपटॉपवरच ठेवतो. निपाणीकर, त्या बॅच फाइलमधली ओळ नेमकी कशी लिहायची?


निपाणीकर | मंगळवार, सकाळी ७:३०

नोटपॅडमध्ये इंग्रजीतच लिहायची. आधी कॉपी, मग स्लॅश बी, मग अवतरणात टक्का, तरंगरेघ आणि १ (टाकलेल्या फाइलचं नाव तिथं आपोआप येतं), मग दोन उलट्या तिरक्या रेघा, लोकलहोस्ट, एक उलटी तिरकी रेघ, प्रिंटरचं शेअर केलेलं नाव. सेव्ह करताना शेवटी टीएक्सटी राहू देऊ नका, बॅट पाहिजे. पहिल्यांदा रेडियम न लावता पेन आणि कागद लावून बघा. अडलं तर दुपारी लिहा, मी दुकानातच आहे.